कस्तुराबाईच्या जिभेवरचं माझं बिऱ्हाड

आधी नाक मुरडून घ्या. झालं? मग ऐका.

मित्रांनो, मी माणसाच्या तोंडात राहणारी एक जुनी जंतूबाई आहे. माझं बिऱ्हाड कस्तुराबाईच्या जिभेवर, अगदी मागच्या अंगाला आहे. तिथे जीभ खरबरीत असते, खाचाखोचा असतात, त्यातच आम्ही राहतो. ऊब आहे, ओल आहे, दोन वेळचं जेवण दारावरून जातं. मोहरीच्या एका दाण्यावर माझं अख्खं खानदान बसेल आणि तरी जागा उरेल. पण लहान आहे म्हणून हलकी समजू नका. चिमूटभर मीठही लहानच असतं, ते विसरा आणि वरण खाऊन पाहा.

माझं वय मला सांगता येणार नाही. आमच्यात मरणं कमी आणि वाटणी जास्त. एकीच्या दोघी होतात, दोघींच्या चौघी, आणि प्रत्येकीचं म्हणणं की पहिली ती मीच. त्यावरून आमच्यात भांडण नाही, तलाठ्याकडे खेटे नाहीत. तुम्ही माणसांनी एवढं तरी आमच्याकडून शिकावं.

मी जन्मले कामरगावची. कस्तुराबाईची आई हेमला, तिच्या जिभेवर माझं माहेर होतं. कस्तुरा सात-आठ महिन्यांची असताना हेमलाबाई ज्वारीची भाकर स्वतः चावून मऊ करायची आणि तो घास लेकीच्या तोंडात द्यायची. तेव्हा सगळ्याच आया असं करत. त्या घासावर बसून मी या तोंडात आले. वरात नाही, वाजंत्री नाही. भाकरीच्या घासावरून मी सासरी आले आणि आज साठाहून जास्त वर्षं इथेच नांदते आहे. पुढे कस्तुरा लग्न होऊन शेलूबाजारजवळच्या गावात आली, तेव्हा तिच्यासोबत मीही आले. मला कोणी विचारलं नाही, तसं तिलाही कोणी फारसं विचारलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हिला ऐकू कसं येतं, दिसतं कसं? घशातून कानाकडे एक बारीक नळी जाते, त्या वाटेने मला सगळं कळतं. आणि तोंड उघडलं की बाहेरचं दिसतं. कस्तुराबाईचं तोंड फारसं बंद नसतंच, त्यामुळे मी पुष्कळ जग पाहिलं आहे.

आता माझं काम सांगते. मी फुकट खात नाही. अंबाडी, चवळी, मेथी, पालक, अशा पालेभाजीत एक क्षार असतो. तो पोटातून रक्तात जातो, रक्तातून फिरून लाळेत येतो आणि लाळेतून माझ्या दारात. तो मोडायचं काम माझं. माणसाच्या शरीराला ते स्वतःहून नीट जमत नाही, म्हणून आम्हाला ठेवलं आहे. मी मोडलेला माल पुन्हा पोटात जातो आणि पुढे रक्ताच्या नळ्या सैल ठेवायच्या कामी येतो. नळ्या सैल तर बीपी आटोक्यात. हे मला कोणत्या शाळेत कळलं नाही. दातांची डॉक्टर साक्षी एकदा सांगत होती, ते माझ्या कानावर पडलं. तोवर मी काम करतच होते. भाकरी करणाऱ्या बाईला भाकर का फुगते ते कोणी शिकवतं का?

आता कस्तुराबाईबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आमच्या पंचक्रोशीत घरचं बियाणं वापरणारी जी घरं आहेत, ती पेरणीच्या आधी आपली सोयाबीनची गोणी कस्तुराबाईच्या ओट्यावर आणतात. ती मूठभर दाणे सुपात घेते आणि एकेक दाणा उन्हाकडे धरून पाहते. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. त्याला केसाएवढी चीर गेली की दाणा उगवत नाही, आणि ती चीर पाहायला नजर लागते. मग ती एक दाणा दाढेखाली धरते. कट्ट आवाज आला तर दाणा वाळलेला, नुसता दबला तर ओल राहिलेली. शेवटी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते आणि चार-पाच दिवसांनी किती कोंब आले ते बघते. डोळा, दाढ आणि गोणपाट, अशी तिची तीन कामं. गावात कोणी तिला एवढं शिकवलं नाही आणि कोणी तिच्या शब्दाबाहेर पेरलं नाही. यासाठी तिने कोणाकडून कधी काही घेतलं नाही. मान घेतला, तो मात्र भरपूर.

दाढेखालच्या त्या कट्ट आवाजाने माझं घर दरवर्षी हादरायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आता माझ्या शेजाऱ्यांविषयी बोलावं लागेल. इच्छा नाही, पण बोलते.

तोंडात आम्ही शेकडो जातींचे जंतू राहतो. बहुतेक सगळे आपापल्या जागी गुमान असतात. पण हिरडीखाली एक टोळी असते. तिला हवा सोसत नाही, उजेड सोसत नाही. दातावर चिकट थर साचला, तो कोणी काढला नाही, की तो दगडासारखा घट्ट होतो आणि त्याच्या आडोशाला ही टोळी हिरडीत खोल भुयार करते. कस्तुराबाईच्या डाव्या बाजूच्या वरच्या दाढेखाली त्यांनी वीस वर्षांत मोठं बस्तान बसवलं होतं. तिची चूकही होती. ती ब्रश धरायची नाही. तंबाखू भाजून केलेलं काळं मंजन बोटाने घासायची. त्याने हिरडी बधिर व्हायची, तिला वाटायचं दुखणं गेलं. दुखणं जात नव्हतं, फक्त गप्प बसत होतं. घासताना रक्त आलं की ती त्या बाजूला हात लावणं सोडायची, आणि टोळी आनंदाने आणखी खोल जायची.

घरच्यांना वास यायचा. सून वैजयंतीने एकदा फार जपून सांगितलं, तर कस्तुराबाईने तिला विचारलं की तुझ्या माहेरी सासवांच्या तोंडाला अत्तर लावतात का. त्यानंतर सोळा वर्षांत वैजयंतीने तो विषय काढला नाही.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. रक्तात शुगर निघाली आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डावा डोळा पार धुरकटला, उजवा अर्धा. कस्तुराबाईने कोणाला कळू दिलं नाही. सुईत दोरा ओवायला नातीला बोलवायची आणि वरून म्हणायची की पोरीला काम शिकवते आहे.

मागच्या पेरणीला तिची मैत्रीण भागिरथाबाई आपली गोणी घेऊन आली. दोघी एका शेतात शेजारी शेजारी निंदण करत म्हाताऱ्या झालेल्या. भागिरथाबाईची जमीन दोन एकर, बियाणं घरचं. कस्तुराबाईने दाणे सुपात घेतले, उन्हाकडे धरले. चीर तिला दिसलीच नाही. डावी दाढ दुखत होती म्हणून चावून पाहिलं नाही. आणि घाई होती म्हणून गोणपाटही केलं नाही. "झक्कास हाये, पेर," म्हणाली.

दोन एकरांत अर्धं रान उगवलं नाही. दुबार पेरावं लागलं.

भागिरथाबाईने एका शब्दाने दोष दिला नाही. पावसानंच केलं असन, एवढंच म्हणाली. मित्रांनो, ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं. शिवीला कस्तुराबाईकडे उत्तर तयार असतं. त्या महिन्यात ती इतकी गप्प राहिली की मला बाहेरचं जग दिसेना.

दिवाळीनंतर ती स्वतः होऊन मुलाला म्हणाली, मले वाशीमले ने. पुढच्या पेरणीच्या आधी डोळा पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले ऑपरेशन सोपं आहे, पण शुगर तीनशेच्या वर आहे, आधी ती खाली आणा. गोळी वाढवली. संक्रांतीनंतर पुन्हा गेली, शुगर जवळपास तिथेच. गोळ्या वेळेवर, साखर बंद, भात बंद, आणि तरी तिथेच. डॉक्टर चांगले होते. त्यांनी थोडा विचार केला आणि तोंड उघडायला सांगितलं. बॅटरीचा उजेड आत आला, माझ्यावरून गेला आणि त्या दाढेवर थांबला. ते म्हणाले की तिथे पू आहे. असा पू अंगात असताना शुगर हट्ट करते आणि डोळ्याच्या ऑपरेशनलाही ते बरं नाही, त्यामुळे ही दाढ काढून, हिरड्या साफ करून मगच या.

कस्तुराबाई खुर्चीवरून उठली.

"डोया दाखवाले आली मी. वरचा दात काढला तं डोया जाते. माह्या मायचा गेला, मी पाह्यलं हाये."

आणि सरळ बाहेर.

इथे मला बोलायला हवं होतं. मी तोंडातच राहते, पण मला बोलता येत नाही, हा कोणता न्याय? तेव्हा हेमलाबाईच्या तोंडातही मीच होते. तिचा वरचा दात कामरगावच्या बाजारात एका माणसाने पकडीने उपटला, हे खरं. पुढच्या वर्षी तिचा डोळा गेला, हेही खरं. पण दात काढायच्या कितीतरी आधीपासून ती म्हणत होती की चुलीच्या धुरासारखं काहीतरी डोळ्यांपुढे दिसतं. मोतीबिंदू आधीच पिकत आला होता. दाताने फक्त बदनामी घेतली. कस्तुरा तेव्हा सहा वर्षांची. तिला दात दिसला आणि डोळा दिसला, मधलं काही दिसलं नाही. तिला मी दोष देत नाही. सहा वर्षांच्या पोरीने आईच्या डोळ्याला पट्टी पाहिली, ती भीती साठ वर्षं तिच्या पोटात होती.

पण गंमत पाहा. ज्या डोळ्यासाठी ती दाढ जपत होती, त्याच दाढेपायी तो डोळा अडला होता. टोळीमुळे शुगर उतरत नव्हती, आणि चढलेल्या शुगरमुळे टोळी माजत होती. जात्याचा खालचा दगड वरच्याला सोडत नाही आणि मधे दाणा भरडला जातो, तसं तिचं झालं होतं.

फाल्गुनात भागिरथाबाई आली. डोक्यावर गोणी. ओट्यावर ठेवली आणि म्हणाली की यंदाही तूच पाहा.

कस्तुराबाई म्हणाली, मले दिसत नाई. एवढं कबूल करायला तिला वर्ष लागलं.

भागिरथाबाई म्हणाली की मग दिसेपर्यंत गोणी इथेच राहू दे, दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही. आणि पाणी मागितलं. दोघी बसल्या. मधे घरच्या बियाण्याचं ओलं गोणपाट पडलं होतं. नजर नव्हती तरी सवय होती, कस्तुराबाईने आत हात घालून दाणे चाचपले. एक दाणा बुळबुळीत लागला. तिने तो काढून अंगणात फेकला.

"काहून फेकला?" भागिरथाबाईने विचारलं.

"सडला व्हता. एक ठेवला तं बाजूचे धा नेते."

"अन् तोंडातला?"

वैजयंतीने चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. मग अगदी खालच्या आवाजात, मी जिभेवर असूनही मला जेमतेम ऐकू आलं, कस्तुराबाई म्हणाली, "पन डोया गेला तं?"

"गेला तं गेला. माह्ये दोन हायेत. एक तुह्या कामी येईन."

मित्रांनो, मी पुष्कळ गोड बोलणं ऐकलं आहे. पेढा खाऊन बोललेलं, साखरपुड्यात बोललेलं. पण इतकं गोड या तोंडासमोर कोणी बोललं नाही. मी भागिरथाबाईची जन्मभर ऋणी आहे.

भागिरथाबाईची नात म्हणजे ती साक्षी. ती शिकून दातांची डॉक्टर झाली आणि शेलूबाजारात तिने लहानसा दवाखाना टाकला. पोरगी हुशार. दात आणि डोळ्याची ती भीती तिला रोज भेटत असणार, कारण तिने हसून उडवलं नाही. खुर्चीत बसवल्यावर म्हणाली, आजी, आधी डोया पाहून घेऊ, मंग दात. उजवा डोळा हाताने झाकायला लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय दिसतं ते विचारलं.

"लाल काईतरी हाये. मोठ्ठं."

तो ट्रॅक्टर होता. साक्षीने ते कागदावर लिहून ठेवलं. मग सुई दिली, बाजू बधिर झाली आणि ती दाढ निघाली. अशी कुजकी, मुळाशी पुवाने भरलेली, की तिला पाहून माझीही मान खाली गेली. शेजार माझाच होता. कापसाचा बोळा दाताखाली धरून कस्तुराबाईने पहिल्यांदा काय करावं? तिने स्वतःच उजवा डोळा झाकला आणि भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोळ्याच्या आडून म्हणाली,

"लालच हाये."

साक्षीने कागद दाखवला. आधी लाल, नंतर लाल. कस्तुराबाईला अक्षर येत नाही, पण तिने तो कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. मला वाटतं, तिने तो आपल्या आईसाठी ठेवला.

पुढे तीन वेळा बोलावून साक्षीने सगळ्या हिरड्या खालून साफ केल्या, दगडासारखे थर खरवडले. काळं मंजन बंद करायला लावलं. मऊ ब्रश दिला आणि सांगितलं की रक्त येतं म्हणून घासणं सोडायचं नाही, घाण राहते म्हणून रक्त येतं. टोळीची घरं मोडली, आत उजेड गेला. महिना-दीड महिन्यात शुगर खाली आली. गोळ्या त्याच होत्या, जेवण तेच होतं. मी अडाणी आहे, मोठ्या बाता मारणार नाही. पण वैरी घरातून गेल्यावर औषधाला काम करायला मोकळीक मिळाली, एवढं मी आतून पाहिलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तुम्हाला कस्तुराबाई अजून कळलेली नाही.

साक्षीने गुळण्या करायला एक औषध दिलं होतं, आठ दिवसांसाठी. ते औषध जबर. त्याला चांगला-वाईट कळत नाही, दारात जो दिसेल त्याला मारतं. पहिल्या आठवड्यात माझं निम्मं खानदान गेलं. मी म्हटलं, ठीक आहे, टोळीसोबत आपणही थोडं सोसू, आठ दिवस निघून जातील. आठ गेले, पंधरा गेले, महिना गेला. बाटली संपली की ती दुकानातून दुसरी आणवायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ गुळण्या. पालेभाजीचा क्षार दारात येऊन पडायचा आणि तो मोडायला घरात माणूस नसायचं. जेवणाची चव गेली, जीभ तपकिरी झाली. मी खाचेच्या अगदी तळाशी उरलेल्या चार जणींना धरून बसले होते. वाटलं, हेमलाबाईच्या घासावरून आलेला वंश आता इथेच संपतो.

वैशाखात वाशीमला गेली, शुगर चांगली, डोळ्यांचे डॉक्टर खूश. बीपी पाहिलं तर चढलेलं. नेहमी गोळीवर आटोक्यात असायचं, आता दोनदा मोजलं तरी वरच. ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. पेरणीला महिना उरलेला. ओट्यावर भागिरथाबाईची गोणी तशीच.

एकट्या माझ्या नसण्याने बीपी चढलं असं मी म्हणणार नाही. जिवाला घोर होता, लोणचं होतं, ऊन होतं. पण माझं न होणारं कामही त्यात होतं.

तेव्हा वैजयंती उठली. तीच वैजयंती, जी सोळा वर्षं बोलली नव्हती. तिने मोरीतल्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या, सासूला सोबत घेतलं आणि शेलूबाजारला साक्षीच्या टेबलावर ओळीने मांडल्या. सहा होत्या. म्हणाली, डॉक्टर, आत्याबाईंले जेवन गोड लागत नाई, जीभ पाह्यजे तशी राह्यली नाई, हे कायच्यानं?

साक्षीने विचारलं, आजी, मी आठ दिवस सांगितलं व्हतं ना?

कस्तुराबाई म्हणाली, "आठ दिसात आराम पडला. मंग सोडाचं काहून?"

साक्षीला हसू आवरेना. ती म्हणाली की तण मारायचं औषध तुम्ही रोज फवारता का? रोज फवारलं तर तण जाईल आणि पीकही जाईल. मग तिने आमच्याविषयी सांगितलं. की तोंडातले सगळेच जंतू वैरी नसतात, जिभेवर काही जण पालेभाजीचं सोनं करणारे असतात, त्यांना मारलं तर बीपीवाल्याचं नुकसान होऊ शकतं. मित्रांनो, साठ वर्षांत पहिल्यांदा कोणी माझं नाव चांगल्या शब्दांत घेतलं. मी तळाशी बसून ऐकत होते. तुम्हाला सांगते, आम्हाला आसवं असती तर वाहिली असती.

कस्तुराबाईने विचार केला. मग तिने आपल्या पद्धतीने माफी मागितली. सुनेकडे पाहून म्हणाली, "तू बाटल्या मोजत व्हती अन् मले सांगत नव्हती?"

वैजयंती म्हणाली, "सांगतलं असतं, तं अत्तर लावू का म्हनलं असतं तुमी."

त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये दोघी हसत होत्या. मला बाहेरचं सगळं दिसत होतं.

गुळण्या बंद झाल्या. वैजयंतीने रोज पालेभाजी केली, मीठ कमी केलं. आम्ही चौघींच्या आठ झालो, आठांच्या सोळा. पंधरवड्यात जिभेला चव आली. बीपी उतरलं, गोळी होतीच, आम्हीही होतो. मृग निघायच्या दहा दिवस आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? कस्तुराबाईने सुनेकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, तुह्या डोक्यात इतके पांढरे केस कवा झाले?

काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसली. सगळ्यात आधी भागिरथाबाईची गोणी सोडली. दाणे सुपात घेतले, उन्हाकडे धरले. चिरलेला एक, दोन, तीन, बाजूला काढत गेली. भागिरथाबाई शेजारी बसून होती. शंभर दाणे गोणपाटात गेले. पाचव्या दिवशी दोघींनी मिळून मोजले. अठ्ठ्याहत्तर कोंब. सत्तर आले तरी पुरे असतात.

"मागच्या साली माही चूक व्हती," कस्तुराबाई म्हणाली. "पाऊस नव्हता तो."

"माहीत हाये मले," भागिरथाबाई म्हणाली. "अन् काय, आता पेरू का?"

मित्रांनो, आता निरोप घेण्याआधी थोडं मागते. मला मारू नका असं मी म्हणत नाही, मला जागेवर ठेवा. आम्ही जिभेवर शोभतो, रक्तात नाही. तोंडाची जखम उघडी राहिली तर आमच्यातलेच काही भरकटून रक्तातून हृदयाच्या झडपेपर्यंत पोचू शकतात, फुप्फुसात उतरू शकतात, आणि मग जीवावर बेततं. म्हणून दोन वेळा मऊ ब्रशने घासा, हिरडीच्या कडेने घासा. रक्त येत असेल, दात हलत असेल, वास येत असेल तर लपवू नका आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही लपवू देऊ नका. त्यांनी अत्तराचा टोमणा मारला तर मारू द्या. शुगरवाल्यांनी आणि पोटुशी असलेल्या बायांनी तर तोंड आधी दाखवावं. औषध सांगितलं तितकंच घ्या. बाळाला चावलेला घास देऊ नका, हाताने कुस्करून भरवा. मी त्याच घासावरून आले, म्हणून सांगते. त्या घासावर माझ्याबरोबर टोळीतलेही बसून येतात. माझ्यासारख्या बाया आईच्या मुक्यासोबतही येतील, तुम्ही काळजी करू नका.

हेमलाबाईने मला पहिला घास दिला, कस्तुराबाईने साठ वर्षं घर दिलं, वैजयंतीने मोडतं घर वाचवलं. भाडं मी कोणालाच दिलं नाही. काम केलं, तेवढंच.

भागिरथाबाईला पेर म्हणण्याआधी कस्तुराबाईने गोणीतला एक दाणा उचलला आणि उजव्या दाढेखाली धरला. मी खाचेत सावरून बसले.

कट्ट.